‘रशिया साईड’ नावाचा कुठला देश नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुलांना परदेशी एमबीबीएसला पाठवणाऱ्या सर्व प्रवेश-सल्लागारांना खुले पत्र

नमस्कार.

‘नीट’चा निकाल लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात पेपरच्या घडीतून तुमच्यापैकी एकाचं पत्रक घरात आलं. पावसाने अर्धं भिजलेलं होतं, तरी मोठी अक्षरं वाचता येत होती : ‘रशिया साईडला एमबीबीएस. 100 टक्के सुरक्षित देश. इंडियन मेस.’ खाली कॉलेजचं नाव बिश्केकचं, म्हणजे किर्गिझस्तानच्या राजधानीचं, आणि फोटो रंगीत कांद्यांसारख्या घुमटांच्या चर्चचा. ते सेंट बॅसिलचं चर्च, मॉस्कोचं. बिश्केकहून मॉस्को सुमारे 3 हजार किलोमीटर आहे. दिल्ली त्याच्या निम्म्या अंतरावर आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने बिश्केकच्या पत्रकावर कुतुबमिनार छापला असता तर तो जास्त खरा ठरला असता.

या विषयावर बोलायचा मला दोन बाजूंनी अधिकार आहे. एक म्हणजे मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवते, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. दुसरं म्हणजे माझी एकुलती एक मुलगी सप्टेंबर 2022 पासून बिश्केकला शिकते आहे. ती तुमच्यापैकीच एकाच्या मार्फत गेली. नाव लिहीत नाही. एकाला उघडं पाडून बाकीच्यांना नामानिराळं राहू द्यायचं नाही, म्हणून.

मुलगी मूळची युक्रेनला जायची होती. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे युद्ध पेटलं, आपली 20 हजारांवर माणसं, बहुतेक विद्यार्थीच, ‘ऑपरेशन गंगा’त परत आणावी लागली आणि तुमचे बॅनर महिन्याभरात बदलले. खार्किव्हच्या जागी बिश्केक, ओदेसाच्या जागी जॉर्जियाचं तिबिलिसी, उझबेकिस्तानचं समरकंद. आम्हाला सांगितलं गेलं, ‘‘मॅडम, ती युक्रेनची भानगड वेगळी. ही रशिया साईड एकदम शांत.’’ मी इतिहासाची शिक्षिका. मला तेव्हा हटकता आलं असतं. काजूची बाग तारण टाकून झाली होती, पोरीने तीन वर्षं रात्री जागून काढल्या होत्या, आणि मी गप्प बसले. तेव्हा माझा वाटा मी कबूल करते. तुमचा तुम्ही करा.

आता त्या रात्रीचं. 17 मे 2024, शुक्रवार. बिश्केकचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. आमच्याकडे साडेअकरा वाजले असतील, आंब्याच्या पेट्या बांधून नुकती आडवी झाले होते. फोन आला. मुलगी कुजबुजत होती, ‘‘आई, दिवे घालवलेत. स्वयंपाकघरात खाली बसलोय सहाजणी. बाहेर खूप माणसं आहेत.’’ चार दिवसांपूर्वी तिथल्या पोरांची आणि परदेशी विद्यार्थ्यांची मारामारी झाली होती. तिचा व्हिडिओ फिरला आणि शेकडो तरुण रस्त्यावर उतरून परदेशी मुलांच्या हॉस्टेलांकडे निघाले. मुळात मारामारी कोणाची, मार कोणाला, याचा हिशेब झुंडीला नसतो. आपल्यासारखा दिसणारा प्रत्येकजण त्या रात्री ‘परदेशी’ होता. सकाळी भारतीय दूतावासाने मुलांना बाहेर पडू नका म्हणून कळवलं, हेल्पलाइन दिली. त्याआधीच्या पाच-सहा तासांत मी ज्या एका नंबरवर तेवीस वेळा फोन केला, तो ‘24 तास पालक सहाय्य’ म्हणून तुमच्या फाईलवर छापलेला होता. तो बंद होता. सोमवारी लागला. ‘‘वीकेंड होता ना मॅडम.’’

त्या रात्री सहा मुलींना वाचवलं ते घरमालकिणीने. तिला सगळ्या ‘एजे’ म्हणतात, म्हणजे ताई. सत्तरीची बाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसली. कोणी आलं की किर्गिझमध्ये शिव्या घालायची. या एजेबद्दल मुलीकडून मी जे ऐकलं आहे, ते तुमच्या चार सेमिनारांत मिळून ऐकलं नव्हतं. शहराचं नाव फ्रुंझे होतं तेव्हापासून ती तिथल्या कारखान्यात कामाला. 1991 साली आधी शहराचं नाव बदललं, वर्षअखेरीस देशच बदलला. पुढच्या दोन-तीन वर्षांत महागाई अशी भडकली, की लग्नासाठी साठवलेल्या पैशांत पाव आणि तेल आलं. 1993 च्या मे महिन्यात किर्गिझस्तानने रुबल सोडून स्वतःचा ‘सोम’ काढला. मॉस्कोहून येणारी मदत आटली होती, कारखान्यांचा कच्चा माल आता दुसऱ्या देशात राहिला होता आणि गिऱ्हाईक तिसऱ्या. पाच वर्षांत देशाचं उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलं. एजेचा कारखाना बसला. मुलगा मॉस्कोला टॅक्सी चालवतो, पैसे पाठवतो, त्यावर घर चालतं.

हे ऐकून आपल्याला काही आठवतं का? एकेकाळी अख्खा कोकण मनीऑर्डरवर चालायचा. पोस्टमन आला की घरातली चूल ठरायची. किर्गिझस्तान अनेक वर्षं तसाच चालला आहे. देशाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, रशियात राबणाऱ्या चाकरमान्यांनी पाठवलेला. मार्च 2024 मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहावर हल्ला झाला, पकडलेले ताजिक निघाले, आणि त्यानंतर मध्य आशियातल्या सगळ्याच मजुरांची तिथे झडती, हकालपट्टी सुरू झाली. तिकडे भाऊ ‘बाहेरचा’ म्हणून लाथाडला जातोय आणि इकडे आपल्या गावात दुसरेच ‘बाहेरचे’ येऊन शिकताहेत, कामं करताहेत. बिश्केकमधल्या शिवणकारखान्यांत, डिलिव्हरीच्या मोटारसायकलींवर दक्षिण आशियातली पोरं दिसू लागली होतीच. मेमधल्या त्या रात्रीचा राग एका व्हिडिओतून उपजलेला नव्हता. मी त्या झुंडीची वकिली करत नाही. माझी पोर तिच्या टप्प्यात होती. पण तुम्हाला हे ठाऊक असायला हवं होतं, कारण तुम्ही तिथे मुलं पाठवता. ठाऊक असेल तर सांगायला हवं होतं.

माझी मुख्य तक्रार नावाची आहे. ‘रशिया साईड’ म्हणणं तुम्हाला सोयीचं जातं. आमच्या गावातही ‘पोरगो रशियाक गेलो’ म्हणतात, मग तो कझाकस्तानात असो की जॉर्जियात. गावकऱ्यांचं मी समजू शकते. पण जो त्या देशाच्या नावावर कमिशन घेतो त्याने तरी नाव घ्यावं.

जून 1991 मध्ये मी नोकरीला लागले. वर्गातल्या भिंतीवर सोव्हिएत संघाचा भलामोठा लालसर पट्टा असलेला नकाशा होता. डिसेंबरात तो देशच राहिला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, ग्रँट येईपर्यंत नकाशा तोच. मग मी खळ लावून कागदाच्या 15 पट्ट्या चिकटवल्या. आठवीतल्या एका पोराने विचारलं, ‘‘बाई, हे कोणाशी लढून सुटले?’’ आमच्या मुलांना स्वातंत्र्य म्हटलं की शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आठवतो. मी त्याला उत्तर देताना अडखळले होते. बाल्टिकवाले लढले, जॉर्जियात रक्त सांडलं. मध्य आशियाची कथा उलटी. 17 मार्च 1991 च्या सार्वमतात तिथल्या पाचही प्रजासत्ताकांत 90 टक्क्यांहून जास्त मतं संघ टिकवावा म्हणून पडली. आणि 8 डिसेंबरला रशिया, युक्रेन, बेलारूसच्या नेत्यांनी एका जंगलातल्या बंगल्यात बसून संघ संपल्याचं लिहून टाकलं. या पाचांना बोलावणंही नव्हतं. त्यांना 21 तारखेला अल्मा-अता येथे बसून जे झालं त्यावर सह्या कराव्या लागल्या. एकत्र कुटुंबात थोरल्यांनी परस्पर वाटणी करावी आणि धाकट्याला निरोप पाठवावा, तसं.

वाटणीत चूल, भांडी आली, बांधाचं भांडण आलं. किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानात वाटल्या गेलेल्या फरगणा खोऱ्याचा नकाशा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? 1924 पासून पुढे सोव्हिएत काळात आखलेल्या त्या हद्दी एका देशाच्या अंतर्गत होत्या, तोवर कोणाला काही वाटलं नाही. एका रात्रीत त्या आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या. वोरुख हे ताजिकिस्तानचं, पण चारी बाजूंनी किर्गिझस्तान. सोख उझबेकिस्तानचं, चारी बाजूंनी तेच किर्गिझस्तान, आणि आतली वस्ती ताजिक. एप्रिल 2021 मध्ये पाटाच्या पाण्यावरून ताजिक-किर्गिझ सीमेवर गोळीबार झाला, सप्टेंबर 2022 मध्ये तर जवळपास लढाईच. शंभराहून जास्त माणसं गेली. माझी मुलगी त्याच महिन्यात बिश्केकच्या विमानतळावर उतरली. मी तुम्हाला फोन करून विचारलं, तेव्हा उत्तर होतं, ‘‘ते लांब आहे.’’ लांब आहे हे खरंच. पण तुमच्याच यादीत ओशचं कॉलेजही होतं, आणि ओश त्या खोऱ्यातच आहे. तिथे 2010 च्या जूनमध्ये किर्गिझ आणि उझबेक यांच्यात दंगल झाली, चारशेहून अधिक मेले, बहुतेक उझबेक. त्याची तुमच्या पत्रकात एक ओळ नाही.

मला या गोष्टी पुस्तकातल्या वाटत नाहीत, कारण आमच्या घरापासून तेरेखोल दिसतं. नदीच्या या तीरावर, आमच्या बाजूला, तरी किल्ला आणि गाव गोव्याचं. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला किल्ला पोर्तुगीजांनी 1746 मध्ये घेतला, त्याचा हा वारसा. इंग्रज गेले, 1948 साली शेजारचं सावंतवाडी संस्थान विलीन झालं, पण नदीच्या तोंडाशी पोर्तुगाल तसाच बसून. माझ्या सासूबाईंचं माहेर पलीकडे केरीला. 1955 च्या सत्याग्रहात गोळीबार झाला आणि त्यानंतर आपल्या सरकारने हद्द बंद केली. सासूबाईंचे वडील वारले तेव्हा त्या या काठावर उभ्या राहून पलीकडचा धूर बघत होत्या. होडीने दहा मिनिटांचं अंतर. नंतर कधी विषय निघाला की एवढंच म्हणायच्या, ‘‘रेघ मारताना आमका कोण इचारूक इल्लो?’’ 1961 च्या 19 डिसेंबरला ती रेघ पुसली, निदान सैल झाली. आणि गोव्याने महाराष्ट्रात यायचं की नाही, हे 1967 च्या जानेवारीत मतपेटीने ठरलं. कौल आमच्या बाजूच्या अनेकांच्या मनाविरुद्ध गेला, पण कोणी बंदूक काढली नाही. आज आम्ही त्या रेघेपलीकडे स्वस्तातलं पेट्रोल भरायला जातो. हे भाग्य वोरुखच्या माणसांना मिळायला 2025 उजाडलं. त्या वर्षी 13 मार्चला किर्गिझस्तान-ताजिकिस्तानने सीमाकरारावर सह्या केल्या. बघा, चांगली बातमीसुद्धा आहे तिथे. तुम्ही तीही सांगत नाही.

‘स्थिर सरकार’ हा तुमचा दुसरा शब्द. 2005 च्या मार्चमध्ये लोकांनी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत घुसून अस्कर अकायेव यांना पळवून लावलं. एप्रिल 2010 मध्ये कुर्मानबेक बाकियेव यांना. त्या वेळी चौकात गोळीबार होऊन ऐंशीहून जास्त बळी गेले. ऑक्टोबर 2020 मध्ये निवडणुकीच्या घोळावरून पुन्हा तेच. सादिर जापारोव त्या आठवड्यात तुरुंगातून सुटले आणि दहा-बारा दिवसांत पंतप्रधान आणि हंगामी राष्ट्राध्यक्ष दोन्ही झाले. आता तेच निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आहेत. शेजारच्या कझाकस्तानात 2022 च्या जानेवारीत काय झालं, तिबिलिसीच्या रस्त्यावर 2024 पासून काय चाललंय, तेही विचारायला हवं. यातलं काहीही ऐकून मी मुलीला परत बोलावलं नसतं. तीन दशकांच्या देशांत असं होतं. आपली पहिली तीस वर्षं आठवून बघा : फाळणी, भाषावार प्रांतांचे दंगे, आणीबाणी. पण घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय कोणी मुलगी देतं का?

भाषेचं तर तुम्ही हसण्यावारी नेता. ‘‘सगळं इंग्लिशमध्ये.’’ वर्गात असेल. वॉर्डातला पेशंट इंग्लिश बोलत नाही. शहरातली जुनी माणसं रशियन बोलतात, डोंगरातून आलेला मेंढपाळ फक्त किर्गिझ. किर्गिझ ही 1989 पासून राज्यभाषा, रशियन ही अधिकृत भाषा, आणि सरकारी माणसाला किर्गिझ आलंच पाहिजे असा जोर हल्ली वाढतो आहे. माझी मुलगी आज पोटात कुठे दुखतं हे किर्गिझमध्ये विचारू शकते ते एजेच्या स्वयंपाकघरात बसल्यामुळे. तिच्या वर्गातली कितीतरी मुलं वॉर्डात मागे उभी राहून मोबाईल बघतात. मग परत आल्यावर, इथे डॉक्टरकी करायला जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात 300 पैकी 150 मार्क पडत नाहीत. त्या परीक्षेत नापास होणाऱ्यांची संख्या पास होणाऱ्यांपेक्षा दरवेळी किती मोठी असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि नियम. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर 2021 चे नियम मी स्वतः डाउनलोड करून वाचले, मुलगी गेल्यानंतर सात महिन्यांनी. किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, वर 12 महिने इंटर्नशिप तिथेच, सगळं एकाच संस्थेत, आणि सुरुवातीपासून 10 वर्षांत पूर्ण. ‘एकाच संस्थेत’ याचा अर्थ असा, की उद्या कॉलेज बंद पडलं किंवा गावात दंगल झाली, तर दुसऱ्या देशात नाव घालून पुढे चालू, असं होत नाही. युक्रेनच्या मुलांना खास सवलत मिळाली ती युद्ध होतं म्हणून. आम्हाला मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ‘‘नाही जमलं तर ट्रान्सफर करून देऊ.’’

आपल्या किनाऱ्यावरचा पोरगा बोटीवर जातो तेव्हा त्याला पाठवणाऱ्या एजंटला सरकारच्या डीजी शिपिंग खात्याचा परवाना लागतो. आखातात गवंडी पाठवणाऱ्यालाही नोंदणी लागते. तुम्हाला मात्र एक गाळा, एक बॅनर आणि एक लॅपटॉप पुरतो. त्यात तुमचा गुन्हा नाही, सरकारची ढिलाई आहे, आणि जिल्हा प्रशासनाला मी वेगळं पत्र देणार आहे. पण कायदा नाही म्हणून जबाबदारीही नाही, असं समजू नका.

मागणं फार नाही. पत्रकावर देशाचं आणि शहराचं खरं नाव छापा, फोटो तिथलाच टाका, ‘100 टक्के सुरक्षित’ हे शब्द काढा. तशी हमी सावंतवाडीचीही कोणी देऊ शकत नाही. पैसे घेण्याआधी पालकांना मराठीत लिहून द्या : अभ्यासक्रम किती महिन्यांचा, इंटर्नशिप कुठे, पदवीवर त्या देशात डॉक्टरकीचा परवाना मिळतो का, गेल्या तीन वर्षांत तुम्ही पाठवलेल्यांपैकी किती जण इथली परीक्षा पास झाले, आणि मध्येच परतावं लागलं तर फीपैकी किती परत. खाली सही-शिक्का. सेमिनारमध्ये अर्धा तास त्या देशाच्या गेल्या पस्तीस वर्षांना द्या. तिथून शिकून आलेला एखादा डॉक्टर बोलवा, पास झालेला एक आणि नापास झालेला एक. निघण्याआधी तीन महिने तिथली भाषा शिकवायची सोय करा. मुलांचे पासपोर्ट आणि मूळ दाखले स्वतःकडे ठेवून घेऊ नका. आणि जो नंबर छापता तो रात्री बारालाही उचला, शनिवारी-रविवारीसुद्धा.

मुलगी येत्या ऑगस्टमध्ये सुट्टीला येते आहे. एजेसाठी काजू आणि कोकमं न्यायची तिची यादी आत्तापासून सुरू आहे. कोकमाचं सार एजेला आवडतं म्हणे, फक्त ती त्यात बडीशेप घालते. मुलगी तिथेच शिकणार आहे, तिथेच पूर्ण करणार आहे. तेव्हा ‘मुलांना पाठवू नका’ असं सांगायला मी हे लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी एकाचा पुढचा सेमिनार येत्या रविवारी कुडाळला आहे, सकाळी अकराला. मी जाते आहे. आमच्या आळीतल्या दोन घरांतली मुलं-पालकही बरोबर असतील. वर जे प्रश्न लिहिलेत तेच तिथे विचारणार आहोत. उत्तरं तयार ठेवा. तोवर कोणाला लेखी द्यायचं असेल तर या पत्राखालीच द्यावं, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातली एक शिक्षिका, आणि बिश्केकमध्ये शिकणाऱ्या मुलीची आई